जॉन फील्डच्या घरचा चहा

१८४५ सालच्या ऑगस्ट महिन्याची २३ तारीख. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉनकॉर्ड गावाबाहेर दुपारी गडगडाट होऊन पाऊस कोसळू लागला. मासे धरावयास निघालेला अठ्ठावीस वर्षांचा एक अविवाहित, पदवीधर तरुण अर्धा तास पाइन वृक्षाखाली डोक्यावर रुमाल धरून उभा राहिला आणि अखेर रस्त्यापासून दूर असलेल्या एका पडक्या झोपडीकडे धावला. झोपडी रिकामी असेल, अशी त्याची समजूत होती. आत पाहतो तो तेथे एक संसार मांडलेला. जॉन फील्ड नावाचा आयरिश शेतमजूर, त्याची पत्नी आणि बरीच मुले. रुंद चेहऱ्याचा मुलगा बापाच्या जोडीने दलदलीत खपत होता, तो पावसामुळे नुकताच धावत घरी आला होता. सुरकुतलेले तान्हे मूल बापाच्या मांडीवर बसले होते. कोंबड्याही घरातल्या माणसांसारख्या खोलीभर वावरत होत्या. छपराचा जो भाग त्यातल्या त्यात कमी गळत होता, त्याच्याखाली सर्वजण दाटीवाटीने बसले आणि आगंतुकालाही तेथेच जागा मिळाली.

तो आगंतुक म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. त्याच वर्षीच्या ४ जुलैपासून तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या घरात राहत होता. पुढे १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात ‘बेकर फार्म’ नावाच्या प्रकरणात ही भेट आली आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने हा ग्रंथ मराठीत आणला आणि आमच्या पिढ्यांवर त्याचा संस्कार झाला. कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा थोरो, गुलामगिरीला विरोध करणारा थोरो, ज्याच्या कायदेभंगाच्या निबंधाने गांधीजींना आधार दिला तो थोरो, आम्हांलाही आदरणीय आहे. म्हणूनच त्याच्या या एका प्रकरणाविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परक्याचे दोष दाखविणे सोपे असते. आपल्या आदरस्थानाचा दोष दाखविताना हात थरथरतो, पण तो दाखवावा लागतो.

त्या झोपडीत काय घडले? फील्डने आपल्या कष्टांची हकीगत सांगितली. शेजारच्या शेतकऱ्याचे दलदलीचे कुरण फावड्याने खणून उलथायचे. एकरी १० डॉलर मजुरी आणि खणलेली जमीन खतासह एक वर्ष वापरावयास मिळणार, असा करार होता. ते ऐकून थोरोने त्याला स्वतःचा दाखला देऊन उपदेश केला. त्याचा मथितार्थ असा : माझे घर कोरडे, उजेडाचे आणि स्वच्छ आहे, तुझ्या या खोपटासारख्या घराला वर्षाचे जे भाडे पडते, त्याहून फारसा अधिक खर्च मला ते बांधावयास आला नाही. मी चहा, कॉफी, लोणी, दूध आणि ताजे मांस घेत नाही, म्हणून ते मिळविण्यासाठी मला राबावे लागत नाही. तू ते सारे घेतोस, म्हणून तुला राबावे लागते. आणि राबतोस म्हणून पुन्हा तसेच खावे लागते. दलदलीत खपण्यासाठी तुला जाड बूट आणि दणकट कपडे लागतात. माझे हलके बूट आणि पातळ कपडे त्याच्या निम्म्या किमतीतही येत नाहीत. तुम्ही साधेपणाने राहाल, तर उन्हाळ्यात सारे कुटुंब मजेने रानात बोरेबेरी वेचावयास जाऊ शकाल.

यावर जॉनने उसासा टाकला. बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. असल्या आयुष्याला आरंभ करण्यापुरते भांडवल आणि ते निभावण्यापुरते गणित आपल्यापाशी आहे काय, याचा ते दोघे विचार करीत असावेत, असे थोरोने थट्टेने लिहिले आहे. प्रकरणाच्या शेवटी तर त्याने निकालच दिला आहे. हा माणूस दरिद्रीच जन्मला, आयरिश दारिद्र्य त्याला वारशाने मिळाले. दलदल तुडविणाऱ्या त्यांच्या पायांना पंख फुटेपर्यंत तो किंवा त्याचे वंशज वर येणार नाहीत.

हे प्रकरण साध्या राहणीचा पाठ म्हणून वाचले जाते. गरिबाने चहा सोडला, हौस सोडली, तर तो सुखी होईल, याचा पुरावा म्हणून त्याचा दाखलाही दिला जातो. आमचा वाद या वाचनाशी आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्या झोपडीतल्या दारिद्र्याचे कारण चहाच्या किटलीत नव्हते. ते त्या कराराच्या कागदात होते, आणि कागद नसेल तर तोंडच्या बोलीत होते. थोरोने किटलीवर प्रवचन दिले आणि कराराकडे पाहून नुसती मान हलविली.

ज्या गणिताची थोरोने थट्टा केली, तेच गणित आपण मांडून पाहू. आकडे सारे थोरोचेच घेऊ. तो हिशेबाला चोख होता. त्याच्या घराचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. म्हणजे फील्डच्या झोपडीचे भाडे, थोरोच्याच म्हणण्याप्रमाणे, त्याच्या थोडेसे खाली. एकरी १० डॉलर या दराने केवळ ते गळके छप्पर डोक्यावर राहण्यासाठी जॉनने दरवर्षी सुमारे पावणेतीन एकर दलदल फावड्याने उलथली पाहिजे. आता थोरोचे सुप्रसिद्ध घेवड्याचे शेत पाहा. ते होते अडीच एकर, जमीन हलकी आणि वाळूसर. आणि तेवढी नांगरण्यासाठीही त्याला जनावरांची जोडी आणि एक माणूस भाड्याने आणावा लागला. त्याबद्दल साडेसात डॉलर मोजावे लागले, ते फार झाले, अशी कुरकुर त्याने हिशेबातच नोंदवून ठेवली आहे. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः फावड्याने जमीन खणली, ती सुमारे एक तृतीयांश एकर. म्हणजे उपदेशकाने वर्षभरात फावड्याने जेवढी हलकी जमीन खणली, तिच्या आठपट चिखलाची जमीन खणावी तेव्हा श्रोत्याचे नुसते घरभाडे निघते. चहाचा पहिला घोट अजून घशाखाली उतरलेलाच नाही.

आता पोटाचा हिशेब. थोरोने आठ महिन्यांत अन्नावर ८ डॉलर ७४ सेंट खर्च केले. शेतात पिकविलेले बटाटे, मका, वाटाणे त्यात धरलेले नाहीत. वर्षाचे झाले सुमारे १३ डॉलर. फील्डच्या घरी नवरा-बायको आणि चार मुले होती असे धरू, मुलांचा आहार निम्मा समजू. थोरोच्या तपस्वी मापाने, म्हणजे चहा-कॉफी-लोणी-दूध सारे वर्ज्य करूनही, त्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ५२ डॉलर लागतील. भाडे धरून झाले ८० डॉलर, म्हणजे आठ एकर दलदल. त्यात कपडे नाहीत, बूट नाहीत, सरपण नाही, आजारपण नाही, बाळंतपण नाही. जमिनीच्या एका वर्षाच्या पिकाचा आधार जॉनला होता हे खरे. पण पिकाचा तसाच आधार थोरोलाही होता आणि तो आम्ही दोघांच्याही हिशेबातून सारखाच वगळला आहे. चहा सोडल्याने जॉन फील्डच्या दलदलीतला एक एकर कदाचित कमी झाला असता. त्याचे दारिद्र्य मात्र जागच्या जागी राहिले असते.

त्या कराराकडे नीट पाहा. दलदलीचे कुरण एकदा खणून उलथले, निचरा झाला, की त्याची किंमत कायमची वाढते. ती वाढ कोणाची? मालकाची. मजुराला मिळते ते एका वर्षाचे पीक. दुसऱ्या वर्षी सुधारलेली जमीन मालकाकडे जाते आणि मजूर पुढच्या दलदलीत उतरतो. शेजारी राबणाऱ्या मुलाला आपल्या बापाने किती वाईट सौदा केला आहे हे ठाऊक नव्हते, असे थोरो स्वतःच लिहितो. म्हणजे सौदा वाईट आहे हे त्याला कळले होते! मग हा सौदा ज्या शेतकऱ्याने केला, त्याच्या दारी थोरो का गेला नाही? एकरी पंधरा डॉलर दे, किंवा जमीन तीन वर्षे वापरू दे, असा उपदेश त्याने त्या शेतकऱ्याला का केला नाही? तो शेतकरीही त्याचा शेजारीच होता. उपदेश नेहमी ज्याच्या घरात शिरणे सोपे असते त्यालाच का केला जातो, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न वारशाचा. फील्ड जुन्या देशाच्या रीतीने नव्या देशात जगू पाहतो, हा थोरोचा आरोप. आयर्लंडमध्ये ‘कॉनएकर’ नावाची पद्धत होती. भूमिहीन मजुराला एका हंगामापुरता, एका पिकापुरता जमिनीचा तुकडा मिळे. बहुधा तो बटाट्यासाठी असे, आणि त्याचा खंड अनेकदा मालकाच्या शेतावर राबून फेडावा लागे. फील्डचा मॅसॅच्युसेट्समधला करार या पद्धतीचा सख्खा भाऊ शोभतो. पण तो करार फील्डने जहाजातून बांधून आणला नव्हता. अमेरिकन शेतकऱ्याने तो त्याच्यापुढे ठेवला होता. जुन्या देशाची रीत नव्या देशातल्या मालकाला सोयीची वाटली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ‘वारशाने मिळालेले आयरिश दारिद्र्य’ म्हणजे काय? दारिद्र्य रक्तातून उतरत नाही. ते कायद्यातून उतरते. १७०४ सालच्या कायद्याने आयर्लंडमधील कॅथॉलिकाला जमीन विकत घेण्याची बंदी झाली, ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा घेण्याची बंदी झाली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची जमीन सर्व मुलांत तुकडे करून वाटली जाईल अशी तजवीज झाली. थोरल्या मुलाने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तर मात्र सारी जमीन त्याला. ही बंधने सैल होण्यास १७७८ आणि १७८२ साल उजाडावे लागले. पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळण्यास १८२९. तोवर जमीन हातची गेली होती, आणि गेलेली जमीन कायदा सैल झाल्याने परत येत नाही. हा होता जॉन फील्डच्या पूर्वजांचा वारसा. त्याला आळस किंवा गबाळेपणा म्हणणे म्हणजे लुटल्या गेलेल्या माणसाला, तुझे खिसे रिकामे कसे, असे विचारणे होय.

आता त्या चहाकडे येऊ. १८४३ साली व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने आयर्लंडमधील जमीनधारणेची चौकशी करण्यासाठी लॉर्ड डेव्हन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १८४५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे थोरो त्या झोपडीत शिरण्याच्या सहा महिने आधी बाहेर आला. आयोगात जमीनदारच बसले होते, तरीही त्यांना लिहावे लागले की, आयरिश शेतमजुराच्या हालांना सीमा नाही. पुष्कळ जिल्ह्यांत त्याचे अन्न केवळ बटाटा आणि पेय केवळ पाणी. त्याचे खोपट पावसापासून क्वचितच रक्षण करते. बिछाना किंवा घोंगडी ही दुर्मीळ चैन. काम करणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, कारण दुसरे काही नसे. अशा देशातून आलेला माणूस म्हणतो की, अमेरिकेत रोज चहा, कॉफी आणि मांस मिळते, हा इकडे येण्याचा लाभ. थोरोला ही गोष्ट हास्यास्पद वाटली. या वस्तूंवाचून जगण्याची मोकळीक जेथे आहे तीच खरी अमेरिका, असे त्याने फील्डला ऐकविले. पण चहा-मांसावाचून जगण्याची ‘मोकळीक’ फील्डला आयर्लंडमध्ये भरपूर होती! तिच्यापासून पळून तर तो समुद्र ओलांडून आला होता.

ज्याने कधी भरले ताट पाहिले नाही, त्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे ही क्रूरता आहे. आपल्या परंपरेत दारिद्र्याचे व्रत घेणारे थोर पुरुष आणि थोर स्त्रिया होऊन गेल्या. पण व्रत हे घ्यावयाचे असते, लादावयाचे नसते. असिसीच्या संत फ्रान्सिसने बापाच्या कापडाच्या दुकानाकडे पाठ फिरविली, आपली वस्त्रे उतरवून दिली. भिकाऱ्याच्या झोळीत काय आहे हे मोजत तो बसला नाही. थोरोनेही दारिद्र्य निवडले होते, आणि त्या निवडीचा आम्ही मान राखतो. परंतु निवड करण्याजोगे त्याच्यापाशी पुष्कळ होते. हार्वर्डची पदवी होती, वडिलांचा पेन्सिलींचा धंदा होता, जवळच गावात आईवडिलांचे घर होते. ज्या जमिनीवर घर बांधले ती मित्राची, एमर्सनची. तिचे भाडे द्यावे लागत नव्हते. प्रयोग संपला तेव्हा, १८४७ च्या सप्टेंबरात, तो उठून निघून गेला. जॉन फील्डला आपला प्रयोग संपविण्याची सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. थोरोचे ते कोरडे, उजेडाचे आणि स्वस्त घर इतक्या स्वस्तात झाले कसे? त्यासाठी लागलेल्या फळ्या त्याने जेम्स कॉलिन्स नावाच्या, रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन मिळविल्या. किंमत ४ डॉलर २५ सेंट. अट अशी की, कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला घर रिकामे करावे आणि सहाला थोरोने ताबा घ्यावा. सकाळी सहा वाजता थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटले. अंथरूण, कॉफीचे जाते, आरसा, कोंबड्या असा सारा संसार एका गाठोड्यात. मांजर तेवढी मागे राहिली. हे थोरोनेच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, त्याबद्दल त्याचे आभार. पण साधेपणाच्या त्या घराच्या भिंतींत एका आयरिश कुटुंबाचे उठलेले बिऱ्हाड आहे, हे वाचकाने विसरू नये. फील्डला स्वस्त घराचा दाखला देताना थोरो मात्र ते विसरला.

फील्डच्या पत्नीविषयीही बोलले पाहिजे. थोरोने तिचे नाव लिहिलेले नाही. तिचा तेलकट गोल चेहरा, उघडी छाती आणि हातात सदैव असलेले पोतेरे यांचे वर्णन केले. आणि त्या पोतेऱ्याचा परिणाम मात्र कोठेच दिसत नव्हता, अशी कोटी केली. बाहेर धो धो पाऊस, वर छप्पर गळते, मुले चिखलातून आत येतात, कोंबड्या पायांत घुटमळतात, कडेला तान्हे मूल. त्या घरात पोतेऱ्याचा परिणाम दिसावा कसा? दिसत नसतानाही ती ते हातातून खाली ठेवीत नाही, हीच तर त्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. एक दिवस आपली परिस्थिती सुधारेल, असे ती अजूनही मानते, हे थोरोने नोंदविले. पण ते जणू तिच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून. आम्ही त्याला आशा म्हणतो, आणि गळक्या छपराखाली टिकलेली आशा हा उपहासाचा विषय आहे असे आम्हांला वाटत नाही.

या आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे न्यायाचे होईल.

पहिला आक्षेप असा की, थोरो श्रमिकांचा मित्र होता. रेल्वेच्या रुळांखालचा प्रत्येक आडवा ओंडका म्हणजे एक आयरिश किंवा अमेरिकन माणूस आहे, असे त्यानेच लिहिले. हे खरे आहे. याहून अधिकही खरे आहे. १८५२ च्या फेब्रुवारीत जॉनी रिऑर्डन नावाच्या गरीब आयरिश मुलाला त्याने थंडीसाठी नवा डगला नेऊन दिला. १८५३ साली मायकेल फ्लॅनरी नावाच्या आयरिश मजुराने कृषिप्रदर्शनातील खणण्याच्या स्पर्धेत ४ डॉलरचे बक्षीस मिळविले आणि ते त्याच्या मालकाने स्वतःच ठेवून घेतले, तेव्हा ती रक्कम वर्गणीने भरून देण्यासाठी थोरोने पुढाकार घेतला. त्याच शरदात एका गरीब आयरिश माणसाला आपले कुटुंब अमेरिकेत आणता यावे म्हणून तो दारोदार उसने पैसे मागत फिरला. हा थोरो आम्हांला झोपडीतल्या थोरोहून कितीतरी मोठा वाटतो. झोपडीतल्या थोरोने मजुराला उपदेश केला; १८५३ च्या थोरोने मालकाचे नाव घातलेला कागद लिहून लोकांपुढे धरला. परंतु म्हणूनच आमचे दुःख वाढते. ‘वॉल्डन’ छापून आला तो त्यानंतर, १८५४ च्या ऑगस्टात. मधल्या नऊ वर्षांत त्याने त्या ग्रंथावर वारंवार हात फिरविला. फ्लॅनरीसाठी वर्गणी मागणाऱ्या त्याच हाताने फील्डवरचा तो निकाल मात्र तसाच राहू दिला. माणूस बदलला, पान बदलले नाही. आणि जग वाचते ते पान.

दुसरा आक्षेप असा की, ही केवळ विनोदी शैली आहे, ती इतकी मनावर कशाला घ्यायची? यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. त्या भेटीनंतर महिन्याभरातच, सप्टेंबर १८४५ मध्ये, बटाट्यावरचा करपा आयर्लंडमध्ये दिसू लागला. १८५२ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि तितक्याच, किंबहुना अधिक, माणसांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५० हजारांवर आली. इंग्लंडला सुगीसाठी आयरिश कापणीवाले हवे असत. पण १८४७ या एका वर्षात एकट्या लिव्हरपूलहून सुमारे १५ हजार निराधार आयरिश माणसे परत आयर्लंडला धाडण्यात आली. हात हवे होते, तोंडे नको होती. त्याच वर्षी बॉस्टन बंदरात सुमारे ३७ हजार आयरिश उतरले. मॅसॅच्युसेट्सनेही गरीब आयरिशांना जहाजात बसवून परत पाठविले. याच राज्यात १८३४ साली चार्ल्सटाउनचा उर्सुलाइन भगिनींचा मठ जमावाने जाळला होता. आणि ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाला त्याच १८५४ सालच्या नोव्हेंबरात ‘नो नथिंग’ नावाच्या, परदेशी आणि कॅथॉलिक माणसांच्या द्वेषावर उभ्या असलेल्या पक्षाने मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद आणि जवळजवळ सारे विधिमंडळ जिंकले. हा माणूस जन्मतःच दरिद्री, त्याचे वंशजही वर येणार नाहीत, हे वाक्य अशा हवेत विनोद राहत नाही. थोरो त्या पक्षाचा नव्हता. पण जे मत सभेत आरडून मांडले जात होते, तेच त्याच्या पानावर सुंदर भाषेत येऊन बसले. सुंदर भाषेत आलेला पूर्वग्रह अधिक दिवस टिकतो, कारण तो पाठ केला जातो.

हा दूरदेशीचा वाद आपण कशाला उकरावा, असेही कोणी म्हणेल. त्याला थोरोच्याच ग्रंथातून उत्तर देता येते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावरचा बर्फ कापण्यासाठी शंभर आयरिश मजूर रोज येत, वर अमेरिकन मुकादम असत. हा बर्फ मद्रास, मुंबई आणि कलकत्त्यातील लोकांची तहान भागवील, आपल्या विहिरीचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळेल, असे थोरोने मोठ्या आनंदाने लिहिले. त्या काळी मुंबईत अमेरिकेहून आलेला बर्फ साहेबलोक आणि धनिक मंडळी वापरीत होती. त्या बर्फामागे कोणाचे हात गारठले, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपण ‘वॉल्डन’ मराठीत वाचतो, तेव्हा आपल्यालाही ते ठाऊक असावे, इतकीच आमची इच्छा आहे. आणि दुसऱ्याच्या घरातील चहाचा पेला मोजण्याची सवय कॉनकॉर्डपुरती मर्यादित नाही, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

शेवटी पुन्हा त्या झोपडीत जाऊ. पाऊस थांबल्यावर थोरोने निघताना प्यावयास पाणी मागितले. विहिरीचा दोर तुटलेला, बादली तळाशी गेलेली. घरात कुजबुज झाली. स्वयंपाकातले एक भांडे निवडण्यात आले. पुष्कळ वेळाने पाणी आले. ते अजून निवले नव्हते, त्यातला गाळही खाली बसला नव्हता. थोरोने डोळे मिटले, कचरा बाजूला सारला आणि त्या घरच्या खऱ्या आतिथ्याच्या नावाने ते पाणी पोटभर प्याला. हे त्याने लिहिले, आणि आमच्या मते त्या प्रकरणात त्याने लिहिलेले हे सर्वांत चांगले आहे. ज्या घराला त्याने नुकतेच काय सोडावे याचे धडे दिले होते, त्या घराने दोर नसताना, बादली नसताना त्याला पाणी आणून दिले. तान्हेल्याला दिलेल्या पेलाभर पाण्याचा हिशेब कोठे ठेवला जातो, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

जॉन फील्ड हे पान वाचणार नाही अशी आपल्याला आशा आहे, निदान वाचून तो सुधारणार नसेल तर, असे थोरोने शेवटी लिहिले. आमची विनंती वाचकांना आहे. जे शिक्षक हा ग्रंथ शिकवितात, जे वक्ते त्याचे दाखले देतात, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचून दाखवावे. पण सोबत तो हिशेबही मांडावा आणि विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत. एक वर्ष उलटल्यावर ते कुरण कोणाचे झाले? आणि पाहुण्याला तहान लागली तेव्हा पाणी कोणी दिले?